आम्ही गाडी बांधतो

गाठ मारता न येणं हा आमच्या घराण्यातला दोष नाही. तो एकट्या माझ्यातला दोष आहे. माझे आजोबा उसाची बैलगाडी अशी आवळायचे, की ओढ्यातून गाडी कलंडत गेली तरी एक कांडं खाली पडत नसे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पशुधन पर्यवेक्षक होते. अंगावर येणारा बैल एका दोरीच्या दोन वेढ्यांत ते असा अलगद आडवा करायचे, की बैलालाही आपण स्वखुशीनं झोपलो असं वाटावं. त्यांच्या पोटी मी जन्मलो आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर झालो. माझ्या बुटाची नाडी घरापासून बस-स्टॉपपर्यंत दोनदा सुटते. लग्नात आमच्या उपरण्याची आणि शालूची गाठ करवलीनं मारली होती, म्हणूनच ती अजून टिकून आहे, असं सौ. चारचौघांत सांगते.

तेव्हा २०१९ सालच्या जानेवारीत कराडजवळच्या आमच्या गावाहून अण्णांची मोटरसायकल पिकअपमध्ये बांधून पुण्याला आणायचं काम माझ्यावर आलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मात्र तो गोळा नुसत्या दोरीचा नव्हता. गाडी 'सर्व्हिसिंगला' नेतो असं मी अण्णांना सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं.

ही गाडी म्हणजे १९८४ साली घेतलेली येझदी. दोनशे पन्नास सी.सी., इंजीन एक आणि सायलेन्सर दोन. हिच्यात किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवायचा, की झाला गिअर. एका माणसानं दोन टेबलं सांभाळायची ही पद्धत आमच्या बँकेत पुष्कळ नंतर आली. या गाडीवरून अण्णांनी तालुक्यातल्या गोठ्यागोठ्यांत जाऊन किती वासरं जन्माला घातली याची मोजदाद नाही. टाकीवर पुढे बसून मीही अर्धा तालुका पाहिला आहे. अजूनही पेट्रोल-ऑइलच्या त्या मिश्र धुराचा वास आला की मला पाच वर्षांचा झाल्यासारखं वाटतं.

अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला, पण गाडी सुटेना. आदल्या डिसेंबरात संध्याकाळच्या वेळी गाडी रस्ता सोडून उसात शिरली. अण्णांनी फोनवर सांगितलं, "ऊस बघायला गेलो होतो." शेजाऱ्यांनी फोनवर सांगितलं ते वेगळं होतं. शाळेतून घरी येणारी एक मुलगी हातभर अंतरावरून वाचली होती. तिला चुकवताना अण्णा उसात गेले होते. अण्णांना खरचटलं, मुलीला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. ते हातभर अंतर मी अंथरुणात पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा मोजत होतो.

त्यातच त्या वर्षी गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. अण्णा उत्साहानं म्हणाले, "अजून पाच वर्षं वाढवून आणतो." गाडीची वाढवतीलही, पण चालवणाऱ्याची कोणतं ऑफिस वाढवून देतं? घरात खलबतं झाली. बहीण म्हणाली, "सरळ सांग." आई म्हणाली, "सरळ सांगितलंस तर आजच गाडी घेऊन मिरजेपर्यंत जाऊन येतील." शेवटी सर्व्हिसिंगची युक्ती निघाली. पुण्यात येझदीचे जुने मेकॅनिक आहेत हे खरं होतं. अर्धं सत्य हाताशी असलं की उरलेलं अर्धं खोटं त्याच्या मागच्या सीटवर आरामात बसतं.

पिकअप आला. ड्रायव्हरनं मागचा फाळका पाडला, फळी लावली. आम्ही दोघांनी गाडी हौद्यात चढवली, साइड स्टँडवर उभी केली आणि सीटवरून एक नायलॉनची दोरी आडवी टाकून दोन्हीकडच्या कड्यांना बांधली. मी ड्रायव्हरला विचारलं, "एवढं पुरेल ना?"

"काय होत नाय साहेब. रोज नेतो की."

'काय होत नाय' हे आपल्या देशाचं एक प्रमुख तत्त्वज्ञान आहे. यात ईश्वरावर श्रद्धा आहे, कर्मसिद्धान्त आहे, आणि दहा मिनिटांचं काम वाचवण्याची सोयही आहे. मी ते तत्काळ स्वीकारलं.

अण्णा पायरीवर बसून हे सगळं बघत होते. ते उठले, हौद्याजवळ आले, दोरीला बोटानं टिचकी मारली. तंबोऱ्याची तार उतरली म्हणजे निघतो तसा आवाज आला. अण्णा म्हणाले, "सोड."

"अण्णा, चालेल की—"

"स्टँड कशासाठी असतो?"

"गाडी उभी राहायला."

"गाडी उभी राहणाराय का जाणाराय? खड्ड्यात आदळली की सगळा भार त्या एका स्टँडवर. गाडी उडणार, दोरी ढिली होणार, आणि पुण्याला तुझ्याबरोबर भंगार जाणार. सोड म्हटलं ना!"

पुढचा पाऊण तास अण्णांनी आम्हांला जी शिकवणी दिली ती मी अजून विसरलो नाही. पहिल्यांदा गाडी मधोमध सरळ घेतली आणि पुढचं चाक ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्याला भिडवलं. चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे ओंडके ठोकून बसवले, म्हणजे चाक वळायला नको. स्टँड वर. गाडी गिअरमध्ये. पेट्रोलचा कॉक बंद आणि टाकीत जेमतेम वाटीभर पेट्रोल. मग दोन दोऱ्या. मी उत्साहानं हँडलच्या मुठीला दोरी गुंडाळू लागलो, तर हातावर चापट बसली. "जनावराला शिंगाच्या टोकाला बांधतात का? मुळाशी बांध." म्हणजे हँडलच्या खाली, जिथे पुढचे दोन्ही दांडे वर एकत्र येतात, तिथे. एक दोरी डावीकडच्या कोपऱ्यातल्या कडीला, एक उजवीकडच्या. दोन्ही पुढे आणि खाली ओढणाऱ्या.

"आता आवळा. एकदम नाही. इकडे थोडं, तिकडे थोडं. एकट्या बाजूनं ओढलं की गाडी त्याच अंगाला झुकती."

आम्ही आवळत गेलो आणि पुढचा शॉक हळूहळू खाली बसू लागला. मला स्फुरण चढलं. आता पूर्णच दाबून टाकावा, म्हणजे हलायचं नाव नको, अशा विचारानं मी दोरीला लोंबकळलो. अण्णांनी पुन्हा हात धरला.

"बास. तीन बोटं, फार तर चार. पुरता दाबलास तर आतलं ऑइल सील जाईल. आणि खड्डा आला की स्प्रिंगला दबायला जागाच नाही. मग एक तर दोरी तुटणार, नाही तर कडी निघणार."

"पण सैल राहिली तर पडेल ना?"

तेव्हा अण्णा जे बोलले ते आमच्या खात्याच्या सगळ्या परिपत्रकांपेक्षा मोलाचं आहे. म्हणाले, "हे बघ, गुराला दावं किती लांब ठेवायचं? एवढं लांब, की त्याला बसता-उठता आलं पाहिजे. एवढं आखूड, की पायात अडकायला नको. आखूड केलंस तर जनावर दावणीला झोंबून मान सोलून घेतं. लांब केलंस तर स्वतःलाच फास लावून घेतं. बांधायचं ते जपायला. कोंडायला नाही."

माझ्या घशात काही तरी अडकलं. ज्या माणसाच्या गाडीचं दावं मी त्याला न सांगता कापायला आलो होतो, तोच मला दाव्याची लांबी शिकवत होता. मी घाईघाईनं मागच्या दोऱ्यांकडे वळलो. मागचा भाग उड्या मारू नये म्हणून दोन दोऱ्या फ्रेमपासून मागच्या कोपऱ्यांना घेतल्या. दोरी रंगाला घासेल तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. लोंबणारी टोकं खोचून टाकली. शेवटची गाठ अण्णांनी स्वतः मारली. वेढा अडकला, की ट्रक ओढला तरी सुटायचा नाही, पण एक टोक ओढलं की लहान पोरालाही सोडता यावा. मी निरगाठ मारणार होतो. अण्णा म्हणाले, "निरगाठ मारणाऱ्याला सोडवणाऱ्याचा विचार नसतो."

निघताना म्हणाले, "दहा मैलांवर थांब आणि दोऱ्या बघ. नवी दोरी पहिल्या दहा मैलांत बसती आणि ढिली होती. आणि कुठं घासत असेल तर टूलबॉक्समध्ये चिंधी आहे, ती लाव."

गाडी निघाली. अण्णा पायरीवर उभे होते. ते गाडीकडे बघत होते की माझ्याकडे, हे आरशातून कळलं नाही.

वाचकहो, हमरस्त्याला लागेपर्यंत मी माझ्या मनाची समजूत घालत होतो. खोटं बोलणं वाईट, पण ते कुणाच्या भल्यासाठी असेल तर? या प्रश्नावर मोठमोठ्यांची डोकी शिणली आहेत. इमॅन्युएल कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७९७ साली एक निबंध लिहून ठणकावलं, की तुमच्या मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दारात येऊन 'तो घरात आहे का?' विचारू लागला तरी खोटं बोलता कामा नये. हे गृहस्थ अविवाहित होते, हे इथे ध्यानात घ्यावं. सौ.नं नवी साडी नेसून 'कशी दिसते?' असं त्यांना कधी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे या बाबतीत अधिक सोय आहे. धर्मराजानं 'नरो वा कुंजरो वा' म्हणून पाहिलं. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता हे खरं, येझदीचे मेकॅनिक पुण्यात आहेत हेही खरं. धर्मराजाचा हेतूही युद्ध संपवण्याचा, म्हणजे वाईट नव्हताच. पण तोवर जमिनीच्या चार बोटं वरून चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. हे आठवलं आणि मी वळून मागच्या काचेतून पाहिलं. आमचाही रथ दोरीनं दाबून चार बोटं खाली आला होता. योगायोग म्हणायचा आणि पुढं बघायचं.

पण वाणिज्य पदवीधराचा खरा धर्मग्रंथ महाभारत नव्हे. १८७२ चा करारविषयक कायदा. दुसऱ्याची वस्तू आपण काही कामासाठी ताब्यात घेतली, तर तिची कशी काळजी घ्यायची हे त्याच्या १५१ व्या कलमात आहे. सामान्य शहाणपणाचा माणूस तशा परिस्थितीत स्वतःच्या तसल्याच वस्तूची घेईल तेवढी. परीक्षेसाठी हे कलम मी घोकलं होतं, पण त्याचा अर्थ मला फाळक्यापाशी कळला. साइड स्टँड आणि एक आडवी दोरी ही दुसऱ्याच्या वस्तूची काळजी. चार दोऱ्या, ओंडके आणि ट्यूबचे तुकडे ही स्वतःच्या वस्तूची. 'काय होत नाय' हे आपण नेहमी दुसऱ्याच्या सामानाबद्दलच म्हणतो.

इथवर ठीक होतं. पण कलमं एकदा आठवायला लागली की थांबत नाहीत. १६० वं कलम म्हणतं, ज्या कामासाठी वस्तू घेतली ते काम झालं, की मालकानं मागण्याची वाट न बघता ती परत करायची. म्हणजे सर्व्हिसिंग झाली की गाडी परत! आणि १७ वं कलम तर माझ्या नावानंच लिहिलेलं. जे खरं नाही हे आपल्याला माहीत आहे, ते खरं म्हणून सांगून दुसऱ्याला करारात ओढायचं, याला कायद्यात कपट म्हणतात. भल्यासाठी केलेलं कपट असा पोटविभाग मी बराच वेळ आठवून पाहिला. तो अभ्यासक्रमात नव्हता.

तासवडे टोलनाक्याच्या अलीकडे मी पिकअप थांबवायला लावला. ड्रायव्हर म्हणाला, "काय होत नाय साहेब," पण या वेळी मी उतरलो. डावीकडची पुढची दोरी खरोखरच ढिली झाली होती. चांगली बोटभर. तासाभराच्या वाटेनं गाडी त्या अंगाला लवंडली असती. मी आणि ड्रायव्हरनं ती आवळली, इकडे थोडी, तिकडे थोडी. मागची एक दोरी मडगार्डला घासत होती, म्हणून चिंधी काढायला टूलबॉक्स उघडला.

चिंधी होती. चिंधीत एक प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत आर.सी. बुक, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला लागतात ते फॉर्म नंबर २९ आणि ३०. घेणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. देणाऱ्याच्या जागी अण्णांची सही, गुरांच्या दाखल्यांवर करायचे तशीच, लपेटदार. तारीख घातलेली नव्हती.

मी रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा होतो. बाजूनं ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर ते कागद हातात फडफडत होते. मग फोन लावला.

"अण्णा, कागद मिळाले."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "दोरी ढिली झाली होती का?"

"बोटभर."

"होणारच. आवळलीस का?"

"आवळली."

"फार नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "सर्व्हिसिंगला नेणारा माणूस आई-बहिणीला बाजूला घेऊन कुजबुजत नाही. एवढी वर्षं मुक्या जनावरांची दुखणी ओळखलीत मी. तू तर बोलतोस."

तुम्ही म्हणाल, चला, सुटलात. म्हातारा समजूतदार निघाला. मलाही पुण्यापर्यंत तसंच वाटत होतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हिशेब जुळेना. अण्णांनी गाडी दिली, ती माझ्या खोटेपणामुळे नव्हे. माझा खोटेपणा कळूनही दिली. उसात शिरलेल्या गाडीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त भय बसलं असणार. ती मुलगी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, मी फक्त फोनवर ऐकली होती. सरळ विचारलं असतं तर त्यांनी गाडी दिली असती का? मला आजही सांगता येत नाही. कदाचित रागावले असते, आठ दिवस जेवले नसते, मिरजेलाही जाऊन आले असते. पण 'हो' म्हणायची संधी तरी त्यांना मिळाली असती. ती मी काढून घेतली. गाडी काढून घेणं बरोबर होतं, ही संधी काढून घेणं चूक होतं. दोन गोष्टी एकाच दोरीत बांधल्या म्हणजे एक होत नाहीत. ज्याची काळजी करतो त्याला आपण बांधतो आहोत की दाबून टाकतो आहोत, हे त्याच्या आत दबायला किती जागा ठेवली यावरून ठरतं. मी अण्णांना पुरतं तळापर्यंत दाबलं होतं. सील फुटलं नाही, ते त्यांच्या ऑइलच्या गुणामुळे.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. मी गाडीचं खरोखरच सर्व्हिसिंग केलं. बिल पाहून सौ. म्हणाली, "खोटं बोलायला एवढा खर्च येतो, तर खरं काय वाईट होतं?" मग नोंदणीचं नूतनीकरण. त्यासाठी गाडी कराडच्याच आर.टी.ओ.त नेऊन दाखवायला हवी. म्हणजे पुन्हा पिकअप, पुन्हा फळी, पुन्हा चार दोऱ्या. या वेळी बांधताना मी एकटा होतो, आणि तासवड्याला उतरून पाहिलं तर एकही दोरी हलली नव्हती. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग जास्त आवळल्या असशील."

त्या संध्याकाळी पायरीवर बसून मी त्यांना प्रथमच सरळ विचारलं, "अण्णा, आता गाडीचं काय करायचं?" त्यांनी खिशातून किल्ली काढली, एकदा बोटात फिरवली आणि माझ्या हातावर ठेवली. "गाडी इथं राहू दे. किल्ली तू ने." बँकेच्या भाषेत याला नजरगहाण म्हणतात. माल कर्जदाराच्या दारात, आणि हक्क दुसऱ्याकडे. इतकी वर्षं मी लोकांच्या ट्रॅक्टरवर असे बोजे चढवले, पण यात कर्जदाराला रोज सकाळी आपला माल पुसता येतो, ही त्यातली माणुसकी माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती.

नूतनीकरण अण्णांच्याच नावावर झालं. २०१९ साली एकदा आणि २०२४ साली पुन्हा. सही केलेले ते फॉर्म माझ्या कपाटात आहेत, अजून बिनतारखेचे. कोऱ्या तारखेवर सही घेऊन ठेवू नये हे मी काउंटरवर रोज लोकांना सांगतो, पण घरच्या बाबतीत बँकेचे नियम लागू नसतात.

गावी गेलो की मी किल्ली लावतो, किक मारतो, दांडा पुढे वळवतो. अण्णा मागे बसतात. पूर्वी मी टाकीवर बसून त्यांना विचारायचो, "अण्णा, आलं का गाव?" आता ते मागून सांगतात, "हळू. पुढं शाळा आहे." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता त्यांना माझ्यापेक्षा लांबचं दिसतं. वळणावर ते माझा खांदा धरतात. फार घट्ट नाही, फार सैल नाही. तीन बोटं, फार तर चार.